शाळा घरीच भरवायची?

गेल्या चार-पाच वर्षांत आमच्या वलवणमध्ये एक नवा शब्द राहायला आलाय, ‘होमस्कूलिंग’. २०२० साली लॉकडाऊन लागलं तेव्हा मुंबई-पुण्याची बरीच मंडळी इथल्या आपापल्या बंगल्यांत येऊन राहिली. एरवी शनिवार-रविवारपुरती उघडणारी दारं महिनोन् महिने उघडी दिसू लागली. पुढे ऑफिसं सुरू झाली तसे बहुतेक जण परत गेले, पण काही जण इथेच रमले. आणि त्यांच्यातल्या काहींची मुलं शाळेत जातच नाहीत, घरीच शिकतात, ही बातमी आमच्या भिशीत पोचायला काही वेळ लागला नाही.

भिशीतली चर्चा तुमच्या डोळ्यांसमोर येईलच. भर अकरा वाजता मुलं सायकल फिरवताना दिसतात म्हणजे काय! एक म्हणाली, ‘‘फी परवडत नसेल.’’ दुसरी म्हणाली, ‘‘अगं, बंगला आहे त्यांचा!’’ तिसरीला वाटलं, मूल हुशार नसेल म्हणून काढलं असेल शाळेतून. मी ऐकत होते. चोवीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या बाईला ‘शाळेची गरजच नाही’ असं कुणी म्हटलं तर थोडं लागतंच. पण खरं सांगायचं तर उत्सुकताही होती.

ती उत्सुकता तशीच राहिली असती, पण आमच्या आळीतल्या एका सुनेनं मला त्यात ओढलं. तिचा मुलगा तिसरीत, इंग्रजी माध्यमात. सासऱ्यांचं चिक्कीचं दुकान, नवरा तिथेच. मुलगा तसा चुणचुणीत. दुकानात बसला की सुट्टे पैसे बरोबर परत देतो. पण रोज सकाळी दप्तर दिसलं की त्याच्या पोटात दुखायला लागतं. डॉक्टर झाले, दृष्ट काढून झाली. सुट्टीच्या दिवशी पोट अगदी ठणठणीत! तिनं मला विचारलं, ‘‘काकू, त्या बंगल्यातल्या बाईंसारखं मी याला घरी शिकवलं तर? मी बी.कॉम. आहे. तिसरीचं नाही का येणार मला?’’

प्रश्न साधा होता, पण उत्तर द्यायला मला दोन महिने लागले. कारण मी आधी त्या बंगल्यात जाऊन आले.

तिथली मुलगी बारा वर्षांची. आई पूर्वी पुण्यात आर्किटेक्टच्या ऑफिसात नोकरी करायची, वडील घरूनच काम करतात. घरात फळा नाही, घंटा नाही, वेळापत्रक आहे पण ते फ्रिजवर लावलेलं आणि दर आठवड्याला बदलणारं. मी गेले तेव्हा मुलगी पावसाचं पाणी मोजत होती. गच्चीत एक डबा ठेवलेला, रोज सकाळी किती मिलिमीटर भरलं ते वहीत लिहायचं. त्यावरून आलेख. मग आपल्या वलवणच्या धरणाचं पाणी जातं कुठे, हा प्रश्न तिला पडला. इथे जन्मभर राहिलेल्या बायकांनाही तो पडत नाही! टाटांनी शंभरएक वर्षांपूर्वी हे तलाव बांधले. इथलं पाणी पाइपांतून घाटाखाली खोपोलीला सोडतात आणि त्या उतारावर वीज तयार होते. १९१५ साली ते केंद्र सुरू झालं आणि मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालल्या. मुलीनं याचं चित्र काढलं होतं, उंचीसकट. भूगोल, विज्ञान, इतिहास आणि गणित एकाच कागदावर. मी वर्गात ‘जलविद्युत’ हा धडा कित्येकदा शिकवला, पण धरण खिडकीतून दिसत असूनही मुलांना तिथे नेलं ते एकदाच, तेही सहल म्हणून.

कार्ल्याच्या लेणीचंही तसंच. आपण एकवीरेला जातो, ओटी भरतो, शेजारच्या चैत्यगृहात डोकावतो आणि खाली येऊन भजी खातो. या मुलीला माहीत होतं की तिथल्या खांबांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. त्यातली दोन-चार अक्षरं तिनं मला वहीत काढूनही दाखवली.

मला हेवा वाटला का? वाटला. एक हिशेब करून बघा. पस्तीस मिनिटांचा तास आणि वर्गात पंचेचाळीस मुलं. हजेरी, वह्या, ‘बाई, यानं मला मारलं’ हे सगळं वजा न करताही एका मुलाच्या वाट्याला मिनिटसुद्धा येत नाही. घरी दोन तास नीट बसलं तरी मुलाला महिन्याभराची बाई मिळते. ज्याला गणित पटकन येतं त्याला थांबावं लागत नाही, ज्याला उशिरा येतं त्याला ‘ढ’ हे बिरुद लागत नाही. मुंबईच्या मालविका जोशीचं उदाहरण तुम्ही वाचलं असेल. सातवीत असताना तिच्या आईनं तिला शाळेतून काढलं, घरीच अभ्यासाची आखणी केली. मुलगी संगणकाच्या प्रोग्रॅमिंगमध्ये रमली, आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये तीन पदकं मिळवली आणि २०१६ साली सतराव्या वर्षी अमेरिकेतल्या एमआयटीत दाखल झाली. दहावी-बारावीचं सर्टिफिकेट नसताना! गंमत म्हणजे आपल्याकडच्या आयआयटीत तिला जाता आलं नसतं, कारण तिथे बारावी लागतेच. अशी मुलगी लाखात एक असते हे कबूल. पण शाळेत राहिली असती तर तिला तेवढा वेळ मिळाला असता का, हा प्रश्न उरतोच.

चहा पिताना मी त्या आईला विचारलं, ‘‘तुमचा दिवस कसा जातो?’’ त्या हसल्या. म्हणाल्या, ‘‘आई मी, बाई मी, मुख्याध्यापिका मी आणि घंटा वाजवणारा शिपाईपण मीच.’’ नोकरी सोडली, मैत्रिणी पुण्यात राहिल्या. स्वतः आजारी पडलं की शाळाही आजारी. आई-मुलीचं कडाक्याचं भांडण झालं तर मुलीला जायला दुसरी जागा नाही आणि आईलाही नाही. आपल्या मुलांना शाळेतल्या बाईंचा राग आला तर ती घरी येऊन आपल्याकडे कुरकुर करतात. आपला राग आला तर शाळेत मैत्रिणीला सांगतात. इथे तक्रारीची खिडकी एकच!

मैत्रिणींनो, मला वाटतं या सगळ्या वादात हीच गोष्ट बोलली जात नाही. घरी शिकवण्याचे फायदे सांगताना ‘पालक’ असा शब्द वापरतात. पालक म्हणजे कोण? ज्या तीन-चार घरांची माहिती मी काढली, तिथे प्रत्येक ठिकाणी नोकरी बाईनं सोडलेली आहे. बाबा शनिवारी ट्रेकला नेतात, राजमाची नाहीतर लोहगड. त्याचेच फोटो निघतात. रोजचं शुद्धलेखन कुणी तपासायचं, हा प्रश्न घरात विचारलासुद्धा जात नाही.

आणि आपल्याला घरातल्या शाळेचं नवल वाटायचं तसं काहीच कारण नाही. आपल्या पणज्या शिकल्या त्या घरीच, कारण बाहेर शाळाच नव्हत्या. पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकवलं त्यांच्या आईनं, लक्ष्मीबाईंनी, ते अरण्यातल्या आश्रमात आणि नंतर तीर्थयात्रेच्या वाटेवर. त्या शिकवणीच्या बळावर १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ म्हटलं. घरच्या शिक्षणाचं याहून मोठं कौतुक काय सांगणार? पण रमाबाई रानडे यांच्या आठवणी वाचा. अकराव्या वर्षी लग्न होऊन आल्या, न्यायमूर्तींनी घरीच शिकवायला घेतलं आणि घरातल्याच बायकांनी टोमणे मारून जीव नकोसा केला. आनंदीबाई जोशी यांना गोपाळरावांनी घरी शिकवलं. तो अभ्यास किती धाकाचा होता तेही आता सर्वांना ठाऊक आहे. १८८६ साली आनंदीबाई डॉक्टर झाल्या त्या घराबाहेर पडून, थेट फिलाडेल्फियाला जाऊन. या बायकांचं शिक्षण घरातल्या एका माणसाच्या मर्जीवर टांगलेलं होतं. तो माणूस चांगला निघाला म्हणून आपण त्यांची नावं घेतो. ज्या घरात तसा माणूस नव्हता तिथल्या हजारो जणींची नावं कुणाला माहीत आहेत?

म्हणून तर घरी शिकलेल्या याच बायकांनी पुढे काय केलं ते बघण्यासारखं आहे. सावित्रीबाईंना जोतीरावांनी शिकवलं आणि १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा उघडली. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदा सदन काढलं. रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं. एकीनंही ‘मुलींना घरीच शिकवा, तेच बरं’ असं म्हटलं नाही.

मुलांचीही एक बाजू सांगते. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत आपल्या मुलांना शाळेत न घालता स्वतः शिकवलं. वेळ मिळत नसे, तेव्हा चालता चालता शिकवत. तत्त्व मोठं होतं, पण मुलांच्या मनात खंत राहिली आणि तसं त्यांनी स्वतः आत्मचरित्रात मान्यही केलंय. थोरले हरिलाल तर नीट शिक्षण मिळालं नाही म्हणून वडिलांवर जन्मभर नाराज राहिले. बाप महात्मा असला तरी मुलाला आपल्या बरोबरीच्यांसारखी पाटी-पुस्तकं हवी असतात!

लॉकडाऊनमध्ये तर आपण सगळ्यांनीच घरी शाळा भरवून बघितली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या त्या लहान मुलांसाठी दीड वर्षाहून जास्त काळ बंदच होत्या. मी तेव्हा आमच्या गल्लीतली चार मुलं ओट्यावर बसवत होते, लांब लांब. ज्या घरात पुस्तकं होती, मोकळी खोली होती, शिकलेलं माणूस रिकामं होतं, तिथली मुलं उलट पुढेच गेली. ज्या घरात एकच मोबाइल आणि तोही बाबांबरोबर कामावर जायचा, तिथलं पहिलीतलं मूल तिसरीत येऊन बसलं तेव्हा त्याला जोडाक्षरं वाचता येत नव्हती. शाळा कितीही साधी असली तरी एक काम करते. घरातलं कमी-जास्त दाराबाहेर ठेवून सगळ्यांना एकाच बाकावर बसवते. घरची शाळा घराएवढीच मोठी होते, आणि आपल्याकडची घरं काही सारखी नाहीत.

आता कायद्याचं आणि कागदपत्रांचं. यात गैरसमज फार आहेत म्हणून जरा सविस्तर सांगते.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण. मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे असं त्यात लिहिलंय, पण नाही घातलं तर पालकांना शिक्षा अशी तरतूद नाही. घरी शिकवण्याला त्या कायद्यात वेगळं नावही नाही आणि परवानगीचा फॉर्मही नाही. अमेरिकेत सगळ्या राज्यांत घरी शिकवणं कायदेशीर आहे, जर्मनीत त्याला मनाईच आहे. आपण अधेमधे कुठेतरी आहोत.

परीक्षेचं म्हणाल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, ही केंद्र सरकारची संस्था आहे. तिथून लहान मुलांना तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीच्या परीक्षा देता येतात. दहावीला चौदा वर्षं पूर्ण लागतात. परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि पाच वर्षांत नऊ वेळा प्रयत्न करता येतो, म्हणजे विषय थोडे थोडे करून सोडवता येतात. २०१७ च्या शासन निर्णयानं आपल्या राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ झालं, तिथेही पाचवी आणि आठवीची सोय आहे. शिवाय राज्य मंडळाचा आपला जुना १७ नंबरचा फॉर्म आहेच, बाहेरून दहावी-बारावी देण्यासाठी. मुक्त विद्यालयाच्या मुलांना डॉक्टरकीच्या ‘नीट’ परीक्षेला बसू द्यायचं की नाही यावरून मात्र बरीच वर्षं कोर्टकचेऱ्या चालल्या आणि शेवटी २०२४ साली निकाल मुलांच्या बाजूनं लागला. तरी शास्त्राच्या प्रयोगांसाठी प्रयोगशाळा घरात कुठून आणणार? ती सोय आधी बघावी लागते.

मुक्त विद्यालयाचं हे सगळं सांगणारे भेटतात. दाखल्याचं कुणी सांगत नाही. शाळा सोडल्याचा दाखला हा आपल्याकडे नुसता शाळेचा कागद नाही. जातीचा दाखला काढायला, पुढे पडताळणीला, जन्मतारखेच्या पुराव्याला, सगळीकडे शाळेतली नोंद मागतात. मुलाचा काढताना बापाचा, आजोबांचा शोधत फिरावं लागतं. ज्या घरात शाळेत गेलेली ही पहिलीच पिढी आहे, तिथे तर पुढच्या पिढीचा पुरावा म्हणजे ह्याच मुलाचं शाळेतलं नाव. बंगल्यातल्या बाईंना ही अडचण येणार नाही, आपल्यातल्या कित्येकींना येईल. शालेय क्रीडा स्पर्धा, शिष्यवृत्तीच्या परीक्षा यांनाही मूल शाळेमार्फतच बसतं. आणि सरकारी शाळेत दुपारचं गरम जेवण मिळतं, वर्षातून एकदा डॉक्टरांचं पथक येऊन मुलं तपासून जातं. कमी दिसणारी, कमी ऐकू येणारी किती मुलं मी स्वतः त्या तपासणीत पुढे आलेली पाहिली आहेत. घरच्यांना पत्ताही नव्हता.

आता जे सांगायचं आहे ते थोडं कडक वाटेल. मुलींच्या बाबतीत ह्या नव्या शब्दाची मला भीती वाटते. मावळातल्या आतल्या गावांतून सातवी-आठवीनंतर हायस्कूलला यायचं म्हणजे चालायचं, नाहीतर एसटीची वाट बघायची. पावसाळ्यात इथला पाऊस म्हणजे काय असतो ते वेगळं सांगायला नको. पूर्वी पोरीची शाळा सुटली की घरचे थोडे ओशाळायचे तरी. ‘परिस्थिती नव्हती हो बाई,’ म्हणायचे. परवा एका आईनं मला ताठ मानेनं सांगितलं, ‘‘आता ती घरीच शिकते, हल्ली चालतं तसं. दहावी बाहेरून देईल.’’ मुलगी तेरा वर्षांची. धुणं, भांडी, धाकट्या भावाला सांभाळणं. वही कुठे आहे विचारलं तर आईला सापडली नाही. शाळेत असती तर चार दिवस दिसली नाही म्हणून बाईंनी चौकशी केली असती, घरी माणूस पाठवलं असतं. लग्नाची बोलणी सुरू झाली असती तर तेही वर्गात आधी कळतं, पोरी एकमेकींना सांगतात. घरात ठेवलेल्या मुलीची हजेरी कोण घेणार? मी तिच्या आईशी दोनदा बोलले, शाळेतल्या बाईंनाही सांगितलंय. कायद्याप्रमाणे शाळा सुटलेल्या मुलाला वयानुसार वर्गात परत घ्यावंच लागतं, मागे पडलेल्या अभ्यासासाठी खास शिकवणी द्यावी लागते. जूनमध्ये ती येईल अशी आशा आहे. तिचे वडील अजून हो म्हणालेले नाहीत.

तेव्हा आमच्या आळीतल्या सुनेला मी काय सांगितलं? आधी तिलाच प्रश्न विचारले. सकाळी नऊ ते बारा दुकानावर कोण बसेल? सासूबाई आजारी पडल्या तर मुलाचा अभ्यास थांबेल की त्यांचं औषधपाणी? दोन वर्षांनी तुला स्वतःला काही करावंसं वाटलं तर? तो आळीतल्या कुणाबरोबर खेळेल, सगळी पोरं शाळेत असताना? तिच्याकडे पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं नव्हती. तिसरा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलेलाच नव्हता. त्यावर ती बराच वेळ गप्प बसली.

मग आम्ही दोघी मिळून शाळेत गेलो. वर्गात बावन्न मुलं. बाई तरुण, दमलेल्या, पण ऐकून घेणाऱ्या. घरी मराठी आणि शाळेत एक वाक्य मराठीत बोललं की दंड दहा रुपये, हे तिथे कळलं. दुकानात पोपटासारखा बोलणारा पोरगा वर्गात तोंडच उघडत नव्हता. पोटदुखी कुठून येत होती ते मला तरी तिथे दिसलं. घरी शिकवणं हा त्यावरचा एक उपाय झाला असता. दुसरा उपाय पायी दहा मिनिटांवर होता, मराठी शाळा. तिथे पटावर कमी मुलं आहेत म्हणून उलट बाई प्रत्येकाकडे बघू शकतात. सासऱ्यांना ते कमीपणाचं वाटतं. ‘‘लोक म्हणतील दुकान चालेना म्हणून काढलं,’’ असं त्यांचं म्हणणं.

सध्या तरी वर्ष संपेपर्यंत तो आहे त्याच शाळेत जातोय. दंडाचं मुख्याध्यापिकांशी बोलणं झालंय, तिसरीपर्यंत तरी तो घेणार नाही असं त्यांनी कबूल केलंय. बंगल्यातल्या बाईंकडून आम्ही एक गोष्ट मात्र उचलली. दर रविवारी सकाळी, गिऱ्हाइकांची गर्दी व्हायच्या आत, तो आणि आळीतली आणखी तीन पोरं माझ्याकडे येतात. गच्चीत आम्हीही डबा ठेवलाय. बंगल्यातली मुलगी त्यांना आलेख काढायला शिकवते, तिला शिकवायला कुणीतरी हवंच होतं. पोटदुखी आठवड्यातून दोन दिवसांवर आलीय. चौथीला शाळा बदलायची की नाही, ते एप्रिलमध्ये सासरे, नवरा आणि ती बसून ठरवणार आहेत. या वेळी ‘मीही बोलणार’ असं तिनं आधीच सांगून ठेवलंय.